रिकाम्या टमटमचा वेग

झेंडूच्या फुलांचा कार्यक्रम सव्वानऊला सुरू झाला आणि दहाच्या आत फसला.

कार्यक्रम साधा होता. कोंदणपाड्याच्या शाळेतली मुलं रस्त्याच्या कडेला उभी राहणार, येणाऱ्या प्रत्येक चालकाला एक फूल देणार आणि म्हणणार, "काका, शाळेजवळ गाडी हळू चालवा." मुख्याध्यापिका पुष्पलता संखे यांनी हे वाक्य मुलांकडून वीसवेळा म्हणवून घेतलं होतं. फुलं दसऱ्याला उरलेली होती, जरा मलूल, पण पिवळी होती. बोईसर स्टेशनहून कारखान्यांकडे माणसं भरून निघालेल्या टमटम एकेक करून थांबल्या. चालकांनी फुलं घेतली. दोघांनी मुलांबरोबर फोटो काढले. एकाने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून "शिक हां, मोठी हो" असंही सांगितलं.

मग त्याच गाड्या कारखान्यांच्या फाटकांवर माणसं उतरवून रिकाम्या परत आल्या आणि रोजच्यापेक्षा जास्त वेगाने शाळेसमोरून निघून गेल्या. एकीच्या आरशाला झेंडू खोचलेला होता.

दुसऱ्या दिवशी रूपेश नावाचा चालक स्वतःहून थांबला. त्याची गाडी नवी कोरी होती, मागे लाल अक्षरांत "आईची कृपा" लिहिलं होतं.

"मॅडम, एक सांगू? फुलं देऊ नका," तो म्हणाला. "काल तुमच्या फुलापायी माझे चार नंबर गेले."

"एका मुलीचा पाय जात होता, त्याचं काय?"

"मी कुठं घातली गाडी तिच्या पायावर."

"मग कोणी घातली?"

"ते मला काय ठाऊक. चौतीस गाड्या हायत लायनीत." आणि तो गेला. वेगातच गेला.

मुलीचं नाव चिमी. दुसरीत होती. कोंदणपाडा रस्त्याच्या पूर्वेला आणि शाळा पश्चिमेला, म्हणून पाड्यावरच्या नऊ मुलांना रोज रस्ता ओलांडावा लागे. सप्टेंबरातल्या एका मंगळवारी नऊ वाजून वीस मिनिटांनी एक टमटम चिमीला घासून गेली. दप्तर चाकात अडकलं, मुलगी फिरून पडली, पायाच्या अंगठ्याचं नख गेलं. टमटम थांबली नाही. दुसऱ्या दिवसापासून नऊच्या नऊ मुलं शाळेत आली नाहीत.

पुष्पलताबाई पाड्यावर गेल्या, तेव्हा चिमीचा बाप नवशा अंगणात कुडाला नवी कारवी लावत होता. त्याने बाज ओढून दिली, पाणी दिलं आणि मग बोलला.

"बाय, मी शालेला नाय म्हणत नाय. पण पोर तुटली तं तुमी काय देणार? दाखला?"

"नवशादादा, मी त्या गाड्यांचं बघते."

"बगा. भात कापून झाला का आमी भट्टीवर जाणार. मुकादमाचा टेम्पो येतो. दरसाल पोरीला मंजुळाकडं ठेवतो, म्हणून शाला होते तिची." मंजुळा ही त्याची बहीण, शेजारच्याच घरात राहणारी. "तवर गाड्या हलू जायला लागल्या तं ठेवीन. नायतं भट्टीवर नेईन. तिथं निदान रस्ता नाय."

"तिथे शाळाही नाही."

"हां," नवशा म्हणाला. "ते हाय."

वीटभट्टीवर गेलेलं मूल मे महिन्यात परत येतं आणि जूनमध्ये त्याला मागच्या वर्षीचं वाचता येत नाही. दोन वर्षं गेलं की ते मग येतच नाही. पुष्पलताबाईंनी अठरा वर्षांत अशी बरीच नावं हजेरीपटावरून कमी केली होती. चिमी दुसरीत असून तिसरीच्या पुस्तकातले धडे वाचत होती. हे नाव त्यांना कमी करायचं नव्हतं.

पहिल्यांदा त्या रस्त्याच्या कचेरीत गेल्या. गतिरोधक हवा होता. टेबलामागच्या माणसाने अर्ज उलटसुलट पाहिला.

"अपघात झाला का?"

"झाला."

"मयत?"

"नाही."

"अस्थिभंग?"

"नख गेलं."

त्याने पेन खाली ठेवलं. "मॅडम, नखावर गतिरोधक बसत नाही." तो हे वाईट मनाने म्हणाला नव्हता. अर्ज घेतला, शिक्का मारला आणि डिसेंबरनंतर चौकशी करा म्हणाला. भात त्याच्या महिनाभर आधीच कापून होणार होतं.

एका कारखान्याने दोन फलक दिले. "पुढे शाळा आहे, वाहने सावकाश चालवा" ही ओळ आणि तिच्या दुप्पट आकाराचं कारखान्याचं बोधचिन्ह. उद्घाटनाला साहेब स्टेशनच्या बाजूने येणार होते, म्हणून दोन्ही फलकांची तोंडं स्टेशनकडे केली गेली. साहेबांनी नारळ फोडला. चार दिवसांनी एका फलकावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर चढला.

त्यानंतर फुलं झाली, आणि फुलांनंतर पुष्पलताबाईंना लोकांना विनवण्याचाच कंटाळा आला. सोमवारी त्यांनी चौथीच्या मुलांना घंटेआधी बोलावून गणिताचा तास रस्त्याच्या कडेला, कुंपणाच्या आत घेतला. विहिरीचा दोर दहा मीटर होता. तो चारवेळा टाकून शाळेसमोरच्या विजेच्या दोन खांबांमधलं अंतर मोजलं. चाळीस मीटर भरलं. मोबाइलमधलं घड्याळ लावून प्रत्येक टमटमला या खांबापासून त्या खांबापर्यंत किती सेकंद लागतात ते मुलांनी पाटीवर लिहिलं. तीन दिवस, नऊ ते साडेनऊ.

पाटीवरचे आकडे बाई घरी नेऊन वेगळे करत बसल्या. स्टेशनकडून भरून येणाऱ्या गाडीला साधारण सहा सेकंद लागत होते. रिकामी परतणारी गाडी तीन सेकंदांत जात होती. तीन दिवसांत याला अपवाद दोनच होते, आणि त्यातला एक पंक्चर होता.

म्हणजे महिनाभर त्या ज्यांना समजावत होत्या, ते मुळात हळूच चालवत होते. फलक त्यांच्याकडे तोंड करून होते, फुलं त्यांना दिली होती, त्यांच्या डोक्यावर सात-सात माणसांचं ओझं होतं आणि ते घाई करूच शकत नव्हते. घाई होती ती रिकाम्या गाडीला. रिकाम्या गाडीला कसली घाई, हे बाईंना कळेना. मग त्यांना रूपेशचे चार नंबर आठवले.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या स्टेशनबाहेरच्या टमटमच्या थांब्यावर गेल्या. कमलाकांत राऊत नावाचे साठीचे गृहस्थ तिथे छत्रीखाली खुर्ची टाकून बसतात. त्यांच्या शेजारी भिंतीला एक लांब फळी आहे आणि फळीवर ओळीने खिळे. प्रत्येक गाडीचा एक पत्र्याचा बिल्ला. गाडी परत आली की चालक उडी मारून उतरतो आणि आपला बिल्ला पुढच्या मोकळ्या खिळ्याला लावतो. ज्याचा बिल्ला आधी, त्याला प्रवासी आधी. पंधरा वर्षं हाच नियम.

पुष्पलताबाई अर्धा तास नुसत्या बघत उभ्या राहिल्या. तेवढ्या वेळात दोन चालक एकाच खिळ्यावर हात ठेवून भांडले. एकाने दुसऱ्याची आई काढली, दुसऱ्याने त्याचं गाव काढलं. कमलाकांतांनी खुर्चीतून न उठता दोघांचे बिल्ले काढून शेवटच्या खिळ्यांना लावले.

"काका, रोज असं होतं?" बाईंनी विचारलं.

"आज शनिवार. आज कमी आहे."

बाईंनी पर्समधून कागद काढला. तीन सेकंद, सहा सेकंद, चाळीस मीटर, सगळं सांगितलं. कमलाकांत ऐकत होते, पण नजर फळीवर होती.

"बाई, सेकंदं मला सांगू नका. ह्या फळीचं काय करायचं म्हणता?"

"गाडी थांब्यावरून निघेल तेव्हाच तिचा बिल्ला दुसऱ्या फळीवर लावा. ज्या क्रमाने निघाल्या, त्याच क्रमाने पुढची फेरी. मग कोणी दहा मिनिटं आधी आला तरी त्याला काही मिळणार नाही."

"आणि जो उशिरा येईल तो?"

"त्याचा नंबर येईपर्यंत आला नाही, तर शेवटी. चौतीस गाड्या आहेत, फेरीला पाऊण तास मिळतो. रस्ता सात किलोमीटरचा. बैलगाडीने गेला तर चुकेल, एरवी नाही चुकणार."

कमलाकांतांनी शेवटच्या खिळ्यांवरचे दोन बिल्ले सरळ केले.

"भांडणं थांबतील?"

"खिळ्यावर हात ठेवायचं कारणच राहणार नाही."

"उद्या रविवार. सकाळी दहाला सगळ्यांना बोलावतो. तुम्ही या. पण पोरांबिरांचं भाषण करू नका, माणसं उठून जातात."

रविवारी सव्वीस चालक आले. बाईंनी भाषण केलं नाही. कमलाकांतांनी नियम सांगितला आणि रूपेश लगेच उभा राहिला.

"काका, मी सात महिन्यांपूर्वी नवी गाडी घेतली. ती काय ह्या सुकाच्या डबड्याच्या मागून चालवायला?"

सुका हा त्यांच्यातला सर्वांत जुना चालक. त्याची गाडी चढावर कण्हत असे.

"माझं डबडं हाय," सुका म्हणाला, "पण माझ्या डबड्याला लोक चढताना देवाचं नाव घेतात. तुझ्या गाडीतून उतरताना घेतात."

लोक हसले. रूपेशही अर्धा हसला, मग त्याला राग आला.

"मस्करी नको. जो मेहनत करतो त्याला दोन फेऱ्या जास्त मिळतात. आता सगळे सारखे. हे काय रेशन दुकान हाय?"

"मेहनत कशाची? पाय दाबून ठेवायची?" मागून कोणीतरी म्हणालं.

"तुला काय, तुझी रोजची फेरी चहाच्या टपरीपर्यंत."

"आणि तुला एका दिवसात दोन जादा फेऱ्या मिळतात, त्या कोणाच्या पोटातून येतात रे? सुकाच्याच ना?"

कमलाकांतांनी हात वर करायला सांगितलं. जुन्या गाड्यावाले सोळा, नव्या गाड्यावाले दहा. सोळा हात वर झाले. शाळेतल्या मुलांसाठी त्यातला एकही हात वर झाला नव्हता हे पुष्पलताबाईंना दिसत होतं, पण त्यांनी ते मनावर घेतलं नाही. हात वर होते, एवढं पुरे होतं.

सोमवारपासून दुसरी फळी लागली. सोमवारी सकाळी चौथीच्या मुलांनी पुन्हा सेकंद मोजले. रिकामी गाडी पाच सेकंद, सहा, पाच, सहा. एका गाडीचा चालक चालवता चालवता शेंगदाणे खात होता. आणखी एक गोष्ट झाली, जी बाईंनी कागदावर मांडलेली नव्हती. रस्ता अरुंद आहे. समोरून भरलेल्या गाड्या येतात, पुढे रिकाम्या रांगेत चालतात, त्यामुळे मागचे रसायनांचे टँकर आणि कारखान्यांच्या बसही त्या रांगेमागे अडकल्या आणि हॉर्न वाजवत तितक्याच हळू गेल्या. बाईंनी संध्याकाळी नवशाला निरोप पाठवला.

बुधवारी नवशा बघायला आला आणि नेमक्या त्याच दिवशी शाळेसमोर सात टमटम उभ्या होत्या.

घाई संपली तसा चालकांकडे वेळ उरला, आणि त्या रस्त्यावर सावली आहे ती शाळेसमोरच्या चिंचेची. तिथे गाड्या लावून ते तंबाखू मळत गप्पा मारत होते. सात गाड्यांच्या भिंतीमुळे पाड्याकडून येणाऱ्या मुलाला रस्ता दिसला नसता आणि रस्त्यावरच्या गाडीला मूल. उभ्या गाड्यांना वळसा घालून एक टँकर चुकीच्या बाजूने निघून गेला. नवशाने ते पाहिलं आणि तो परत फिरला.

पुष्पलताबाई फाटकाबाहेर आल्या. त्या रोज ज्या आवाजात कविता शिकवतात, त्या आवाजाचा तिथे मागमूस नव्हता.

"इथे कशाला थांबलात?"

"मॅडम, हळू चला म्हणालात," रूपेश म्हणाला. तो फार गंभीर चेहऱ्याने बोलत होता. "आता थांबलो. याच्याहून हळू कसं जायचं ते शिकवा."

बाकीचे खाली बघून हसले.

"रूपेश, तू कितवीपर्यंत शिकलास?"

"नववी."

"कुठल्या शाळेत?"

"बेटेगावला."

"तिथे कोणी तुला दारात गाडी लावू दिली असती?"

"तेव्हा गाडी नव्हती ना मॅडम," तो म्हणाला, पण उठला. बाकीचे उठले नाहीत. सुकाही उठला नाही. त्याने सांगितलं, "बाय, दोन मिन्टं. गुडघा आखडलाय," आणि दहा मिनिटं बसला.

बाईंनी सातही गाड्यांचे नंबर तळहातावर लिहिले आणि कमलाकांतांना फोन लावला. त्या दिवशी चारवेळा लावला. चौथ्या फोनला कमलाकांत म्हणाले, "बाई, तुम्ही मला तुमच्या शाळेचा शिपाई केलात." पण संध्याकाळी दुसऱ्या फळीखाली त्यांनी खडूने लिहून टाकलं की शाळेसमोर उभी दिसलेली गाडी शेवटच्या खिळ्यावर जाईल. दुसऱ्या दिवशी पहिला बिल्ला सुकाचाच शेवटी गेला. गाड्या तीनशे मीटर पुढच्या वडाखाली उभ्या राहू लागल्या.

मग शाळेला दिवाळीची सुट्टी लागली.

नोव्हेंबरात शाळा उघडली, तेव्हा पाड्यावरची पाच मुलं आली. चिमी नव्हती. पुष्पलताबाई दुपारी पुन्हा पाड्यावर गेल्या. भात झोडून झालं होतं, नवशा पोती शिवत होता.

"दादा, आता गाड्या बघायला या. गेल्यावेळचं सुधारलंय."

"गेलेवेळी पण तुमी सुदारलंय म्हणून निरोप दिलता."

"तुम्हीच बघा मग," त्या म्हणाल्या. "मी काही बोलत नाही."

नवशा आला. तीन सकाळी आला. शाळेच्या अलीकडे ओढ्यावर मोरी आहे, तिच्या कठड्यावर तो साडेआठला येऊन बसे आणि दहाला उठून जाई. विड्या ओढी, रस्त्याकडे बघे. बाईंनी पहिल्या दिवशी चहा पाठवला, तो त्याने घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कसं वाटतं?" तर म्हणाला, "बगतो." तिसऱ्या दिवशी तो स्वतःच फाटकापर्यंत आला.

"बाय, ही फली त्या म्हाताऱ्याची. तो उद्या मेला तं?"

पुष्पलताबाईंना या माणसाचा त्या क्षणी फार राग आला, कारण प्रश्न बरोबर होता. गतिरोधक डिसेंबरनंतर होता. फलकावर बॅनर होता. सगळा रस्ता दोन फळ्या आणि साठ वर्षांच्या एका माणसावर चालला होता.

"मेला तर मी दुसरा शोधीन," त्या म्हणाल्या. "तुम्हाला पोर ठेवायची नसेल तर तसं सांगा. माझ्याकडून रोज नवी हमी मागू नका. माझ्याकडे जेवढी होती तेवढी देऊन झाली."

नवशाने विडी विझवली, मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. तो पाड्याकडे निघून गेला.

मुकादमाचा टेम्पो गुरुवारी येणार हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. गुरुवारी सव्वानऊला पुष्पलताबाई फाटकात उभ्या होत्या. पाड्याच्या वाटेने दोघं भाऊ आले, मग तिघी मुली आल्या, मग बराच वेळ कोणी नाही. साडेनऊला त्यांनी घंटा दिली. प्रार्थना सुरू झाली. प्रार्थनेच्या मध्येच मंजुळा चिमीचा हात धरून कुंपणाशी आली, मुलीला आत ढकललं आणि "उशीर झाला, आई सोडीत नव्हती" एवढं सांगून परत गेली. चिमीचे डोळे सुजलेले होते. ती रांगेत जाऊन उभी राहिली आणि प्रार्थनेचं दुसरं कडवं बाकीच्यांबरोबर म्हणू लागली, चूक न करता.

पावणेदहाच्या सुमाराला रस्त्यावर हॉर्नचा गोंधळ उठला. बाई फळा सोडून बाहेर आल्या. शाळेसमोर एक टेम्पो चालत्या माणसाच्या वेगाने सरकत होता. मागे बायका, पुरुष, पातेली, पोती, दोन कोंबड्या. नवशा केबिनला टेकून उभा राहून तिच्या पत्र्यावर हाताने मारत होता आणि आत बसलेल्या मुकादमाला सांगत होता, "हलू हाक सांग त्याला. शाला हाय." मुकादम खिडकीतून डोकं काढून ओरडत होता की बारापर्यंत भट्टीवर पोचायचंय, असं चालून संध्याकाळ होईल. टेम्पोच्या मागे सुकाची टमटम होती, तिच्यामागे रूपेशची, त्यामागे एक टँकर, आणि सगळे हॉर्न वाजवत होते.

नवशाने बाईंना पाहिलं आणि पत्र्यावर जोरात हात मारला. टेम्पो थांबलाच.

"बाय, चिमी आली काय?"

"आली."

"बसली?"

"बसलीय. वाचतेय."

"रडते?"

"रडत नाही. नवशादादा, सगळा रस्ता अडलाय. मुलांना माझा आवाज ऐकू येत नाही. निघा आता."

"जातो," नवशा म्हणाला, पण पत्र्यावर हात मारला नाही. तो शाळेच्या खिडक्यांकडे बघत उभा राहिला. मागे रूपेशने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. पुष्पलताबाई हातातला खडू तसाच मुठीत धरून रूपेशच्या गाडीकडे निघाल्या.